टाक्यापूर्वीची पाच मिनिटे

डोईफोडिया हे नाव प्रथमच ऐकणाऱ्याच्या मनात डोके फुटल्याचे चित्र उभे राहिले, तर त्यात त्याचा दोष नाही. नावाची खरी व्युत्पत्ती काय असेल ती असो. तो शोध भाषापंडितांनी घ्यावा. बऱ्हाणपूर जिल्ह्यात खकनार तालुक्यात हे गाव आहे. २००३ साली पूर्व निमाडातून बऱ्हाणपूर हा निराळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश. पण अमरावतीचा मेळघाट लागून असल्यामुळे मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू अशा चारही भाषा या मुलखात नांदतात. तापीच्या खोऱ्यात केळीच्या बागा आहेत, कपाशी आहे, डोंगराकडे जंगल आहे. जेथे केळीचा घड उतरवावयाचा, तेथे विळा आणि कोयता आलाच. जेथे सरपण तोडावयाचे, तेथे कुऱ्हाड आली. आणि जेथे ही हत्यारे रोज हातात, तेथे जखमाही रोजच्याच. बोट कापले, पिंढरी फाटली, पोर झाडावरून पडून कपाळ फुटले, असे काही घडल्यावाचून तेथला आठवडा सरत नसेल.

जखम मोठी असली म्हणजे टाके घालावे लागतात. टाके या शब्दाची धास्ती खेड्यात काय असते, हे शहरातल्या माणसाला चटकन उमगत नाही. विळ्याने कापले त्याचे भय नाही. ते एकदा झाले आणि संपले. दवाखान्यात दोघांनी धरून ठेवावयाचे, तिसऱ्याने वाकडी सुई कातडीतून आरपार काढावयाची आणि चौथ्याने म्हणावयाचे, ‘झाले, झाले, दोनच राहिले’, त्याचे भय. या भयापोटी कित्येक माणसे जखमेत हळद नाही तर राख भरून, वर चिंधी बांधून घरीच बसतात. चार दिवसांनी हात सुजला, ठणका लागला की मग दवाखान्याची वाट धरतात. तेव्हा टाके घालण्याची वेळ निघून गेलेली असते. पू भरलेली जखम शिवता येत नाही.

वस्तुतः हे भय आज बाळगण्याचे कारण नाही. जखमेच्या कडेला बधिर करणारे औषध टोचावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग सुई घालावी, एवढ्याने टाक्याची कळ नाहीशी होते. ते औषध स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तिच्यातही ते होते. तरीसुद्धा ‘दोनच टाके आहेत, सोसून घे’ हे वाक्य आपल्या देशातल्या अनेक दवाखान्यांतून अजून ऐकू येते. असे का व्हावे, याचा थोडा विचार करू.

पूर्वीच्या काळी सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते. सुश्रुतसंहितेत जखम शिवण्याच्या वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथि अशा चार रीती सांगितल्या आहेत; पण वेदना कमी करण्यासाठी शस्त्रकर्मापूर्वी मद्य पाजण्यापलीकडे त्या काळी फारसे काही हाती नव्हते. लूकच्या शुभवर्तमानातल्या दयाळू शोमरोनी प्रवाशाने वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. द्राक्षारसाने जखम धुतली जाते, तेलाने ती निवते. त्या माणसाने उपचारात कोठेही कसूर केली नाही. त्याच्यापाशी होते तेवढे त्याने दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जागा तेवढी बधिर करावी आणि माणूस जागाच राहावा, ही युक्ती अवघ्या दीडशे वर्षांपूर्वीची आहे. १८८४ साली व्हिएन्ना येथील कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टराने कोकेनचा द्राव बेडकाच्या डोळ्यात घालून पाहिला. मग तो स्वतःच्या डोळ्यात घातला आणि टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला. काहीच जाणवले नाही! त्या सप्टेंबरात हायडेलबर्ग येथे भरलेल्या नेत्रवैद्यांच्या परिषदेला जाण्याइतकेही पैसे कोलरपाशी नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचून दाखवला. पण कोकेनचे व्यसन जडते, आणि जास्त प्रमाणात ते प्राणघातक ठरते. अमेरिकेतील हॉलस्टेड हा थोर शस्त्रवैद्य त्याचे प्रयोग स्वतःवर करता करता त्याच्याच आहारी गेला. पुढे जर्मनीत आइनहॉर्न याने नोव्होकेन तयार केले आणि १९०५ साली ब्राउन याने ते शस्त्रक्रियेत रूढ केले.

आज जे औषध सर्वत्र वापरतात, त्याचा शोध मात्र जवाच्या रोपांचा अभ्यास चालू असताना लागला. स्टॉकहोम येथे जवातील एका द्रव्याचा तपास चालू होता. त्या द्रव्याचा एक जुळा पदार्थ तयार करून एर्टमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्याची चव घेतली, तो त्याची जीभच बधिर झाली. रसायने चाखून पाहण्याची ती जुनी, धोक्याची सवय या एका वेळी जगाच्या उपयोगी पडली. तोच धागा धरून नील्स लोफग्रेन याने १९४३ साली लिडोकेन सिद्ध केले आणि त्याचा तरुण सहकारी लुंडक्विस्ट याने ते स्वतःला टोचून घेऊन त्याची परीक्षा केली. १९४८ साली ते झायलोकेन या नावाने बाजारात आले. आपल्याकडच्या बाटलीवर लिग्नोकेन असे लिहिलेले असते. औषध तेच.

हे औषध करते काय? मज्जातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. ती उघडली की वेदनेचा संदेश पुढे धावतो. लिग्नोकेन ही द्वारे काही काळ बंद ठेवते. संदेश वाटेतच अडतो, मेंदूला वार्ता पोचत नाही. गंमत अशी, की लाल विंचवाचे विष याच द्वारांना बंद होऊ देत नाही, आणि म्हणूनच त्याची कळ इतकी अनावर असते. त्या दंशाभोवती हेच औषध टोचले की कळ थांबते. मात्र त्याने विष उतरत नाही, हे विसरता कामा नये. विषाचा हृदयावर होणारा परिणाम निराळा. त्यासाठी प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले.

बधिर झालेल्या जागी वेदना जाते, पण दाब आणि ओढ कळत राहते, कारण वेदना वाहणारे बारीक तंतू आधी बधिर होतात आणि स्पर्शाचे जाड तंतू मागे राहतात. हे आधी सांगितले नाही तर रोगी घाबरतो. दोरा ओढल्याचे जाणवताच तो म्हणतो, ‘भूल लागली नाही’. आणि टाके घालणारा म्हणतो, ‘उगाच ओरडतो’. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलतात. दुखते की ओढल्यासारखे वाटते, एवढे विचारले असते तर तंटा मिटला असता. आणि दुखते असे उत्तर आले, तर आणखी औषध द्यावयाचे; वाद घालावयाचा नाही.

आता ‘दोनच टाके’ या युक्तिवादाकडे वळू. औषध टोचण्याची सुईही दुखते. मग दोन टाक्यांसाठी आणखी दोन टोचण्या कशाला, असे म्हणतात. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण प्रत्येक टाक्यात सुई कातडीतून दोनदा जाते, एकदा आत आणि एकदा बाहेर. ती सुई जाड आणि वाकडी असते, आणि तिच्यामागून दोरा ओढला जातो. दोन टाक्यांच्या अशा चार टोचण्या होतात. याउलट औषधाची सुई केसासारखी बारीक असू शकते. ती अखंड कातडीतून न घालता जखमेच्या उघड्या कडेतून घातली, आणि औषध घाई न करता सावकाश सोडले, तर ती पुष्कळच कमी दुखते. हा द्राव काहीसा आम्ल असल्यामुळे चुरचुरतो. दहा भाग लिग्नोकेनमध्ये एक भाग सोडा बायकार्बोनेटचे इंजेक्शन मिसळले, अथवा बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करून घेतली, तर ती चुरचुरही कमी होते. एखाद्या लहानशा जखमेला एकच टाका पुरेसा असेल आणि रोगी स्वतःच ‘भूल नको, घाला’ म्हणत असेल, तर गोष्ट वेगळी. पण तो निर्णय ज्याची कातडी त्याचा.

आणि या युक्तिवादात एक गोष्ट साफ विसरली जाते. जखम शिवण्याआधी ती धुवावी लागते, आणि टाक्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व त्या धुण्याला आहे. केळीच्या बागेत झालेल्या जखमेत माती असते, केळीचा चीक असतो, कुजलेल्या पानांचे कण असतात. हे सारे भरपूर पाण्याने, कडा उघडून, तळापर्यंत धुऊन काढावयाचे असते. जागा बधिर नसेल तर रोगी हात मागे ओढतो, पोर किंचाळते, आणि धुणाऱ्याचेही मन कचरते. वरवर पुसून तो टाके घालून मोकळा होतो. आत राहिलेली घाण आठ दिवसांनी आपला गुण दाखवते. मग ‘टाके पिकले’ म्हणतात आणि दोष रोग्याच्या पथ्याला देतात. भूल दिली असती तर जखम नीट धुतली गेली असती. रोग्याचे लाड म्हणून ही भूल द्यावयाची नसून, उपचार पुरा व्हावा म्हणूनही ती द्यावयाची आहे.

पाच मिनिटे हे या साऱ्या विषयाचे मर्म आहे. लिग्नोकेनचा गुण येण्यास दोन ते पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या दवाखान्यात औषध टोचतात आणि पिचकारी खाली ठेवताच टाका घालतात. रोगी ओरडतो. औषध चढण्याआधीच टाके संपतात आणि जागा बधिर होते ती रोगी घरी निघाल्यावर! अशा भुलीपेक्षा न दिलेली बरी, असे रोग्याला वाटले तर नवल नाही. टोचल्यावर दुसऱ्या रोग्याची पट्टी बदलावी, कागद लिहावा, घड्याळ पाहावे, आणि सुईच्या टोकाने हलकेच तपासून मगच टाक्याला हात घालावा. एकदा लागलेली भूल अर्धा तास ते तासभर पुरते.

एक सावधगिरी मात्र भुलीच्या आधीची आहे. हाताला जखम असेल, तर बधिर करण्यापूर्वी प्रत्येक बोट हलते का, बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का, हे पाहून घेतले पाहिजे. आतली शिर किंवा मज्जातंतू तुटला असेल तर तो तेव्हाच कळेल. मागाहून बधिर बोटाची परीक्षा करून काही उपयोग नाही. तुटलेल्या शिरेवर नुसती कातडी शिवून घरी पाठवलेला शेतकरी महिन्याभराने वाकत नाही असे बोट घेऊन येतो. असा रोगी सरळ मोठ्या इस्पितळात पाठवावा.

औषधाचे प्रमाण हा गणिताचा विषय आहे आणि ते गणित चौथीच्या मुलालाही येईल. साध्या लिग्नोकेनची सावध मर्यादा वजनाच्या दर किलोस ३ मिलिग्रॅम अशी धरतात. ॲड्रिनलीन मिसळलेले असेल तर ७. बाटलीवर दोन टक्के असे लिहिलेले असेल तर एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे १५ किलो वजनाच्या पोराला ४५ मिलिग्रॅम, अर्थात दोन टक्क्यांचे सव्वादोन मिलिलिटर, याहून अधिक साधे औषध देऊ नये. तेच औषध सलाईनच्या पाण्याने निम्मे पातळ केले तर साडेचार मिलिलिटर होते. जखम लांब असेल तर तेवढ्याने भागते आणि गुणही येतो. प्रमाण चुकले, अथवा औषध रक्तवाहिनीत गेले, तर ओठांना मुंग्या येतात, तोंडात धातूची चव येते, कानात आवाज होतात आणि पुढे झटकेही येतात. म्हणून औषध सोडण्यापूर्वी पिचकारीचा दांडा किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहण्याची रीत आहे. ही भीती खरी आहे. पण ती हिशेबाने टळणारी आहे, आणि तिच्या नावाखाली भूलच न देणे हा उपाय नव्हे.

डोईच्या जखमेचे थोडे निराळे आहे. डोक्याची कातडी घट्ट विणीची असल्यामुळे कापलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे मिटत नाहीत, आणि एवढ्याशा जखमेतून इतके रक्त वाहते की आई हबकून जाते. स्वच्छ फडका दहा मिनिटे घट्ट दाबून धरला तर बहुधा ते थांबते. अशा जागी ॲड्रिनलीन मिसळलेले लिग्नोकेन दुहेरी काम करते; बधिर करते आणि रक्तही आवरते. जखम लहान आणि केस बोटभर लांब असतील तर टाक्यांचीही गरज पडत नाही. दोन्ही बाजूंच्या केसांच्या बटा एकमेकींत पिळून वर वैद्यकीय डिंकाचा थेंब सोडावयाचा, अशी रीत सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००२ साली पारखून प्रसिद्ध केली. वेणी घालणाऱ्या कोणत्याही बाईला ती पाहताक्षणी समजेल. मात्र डोक्याला मार लागल्यावर मूल झोपाळू झाले, ओकले किंवा बेशुद्ध पडले, तर टाक्यांची चर्चा बाजूला ठेवून त्याला तातडीने मोठ्या इस्पितळात न्यावे.

मुलांच्या वेदनेविषयी वैद्यकाने एके काळी मोठीच चूक केली होती. तान्ह्या बाळांना वेदना नीट कळत नाही, असे समजून १९८० च्या सुमारापर्यंत पुढारलेल्या देशांतही त्यांच्यावर अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत. हा समज ज्यांनी प्रयोगाने खोडून काढला, ते कंवलजीतसिंग आनंद हे इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे ऑक्सफर्ड येथे काम करताना त्यांनी १९८७ साली दाखवून दिले, की वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि मागाहूनचे उपद्रवही कमी होतात. निमाडातला अवघड रोगी ज्या इंदुरास जातो, तेथेच शिकलेल्या एका डॉक्टराने जगाला हे शिकवावे, याचा अभिमान वाटण्यासारखा आहे.

जे रडत नाही त्याला दुखत नाही, हा समज बाळांपुरताच राहिलेला नाही. कोरकू मजूर टाके घालताना ओठ मिटून बसतो, म्हणून ‘या लोकांना सोसण्याची सवय असते’ असे कौतुकाने बोलले जाते. त्या कौतुकात मोठा अन्याय दडलेला आहे. परक्या भाषेत, परक्या माणसांपुढे, ओरडावयाचे तरी कोणासाठी, म्हणून तो गप्प असतो. मेळघाटातील बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी अशाच लोकांसाठी आयुष्य वेचले, आणि २०१९ साली त्या दोघांना पद्मश्री मिळाली. रोग्याच्या भाषेत एक प्रश्न विचारण्याची किंमत अशा डॉक्टरांना ठाऊक असते.

सर्वांत अधिक गप्प राहते ती बाळंतीण. प्रसूतीच्या वेळी फाटलेली अथवा कापलेली जागा शिवावी लागते आणि तेथेही कित्येकदा भूल दिली जात नाही, किंवा नावापुरती दिली जाते. बाळ जन्मले, आनंदाची वार्ता बाहेर गेली; आत ती माउली दात आवळून टाके मोजत असते, हे कोणाच्या गावीही नसते. बऱ्हाणपूरनेच १६३१ साली मुमताजमहल हिला बाळंतपणात मरताना पाहिले. तिच्या वेदनेवर बादशहाच्या खजिन्यातही औषध नव्हते. आज ते खेड्याच्या दवाखान्यातल्या कपाटात असते. अशी जागा नेहमीची रीत म्हणून कापू नये, आणि कापावी लागलीच तर बाईची संमती आणि गुणकारी भूल दोन्ही हवीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. त्याआधी २०१७ साली आपल्या केंद्र सरकारनेही प्रसूतिगृहांच्या सुधारणेसाठी ‘लक्ष्य’ ही योजना काढली, आणि बाळंतिणीला सन्मानाने वागवणे हे तिचे एक अंग आहे. ‘टाक्यांआधी भूल दिली का?’ हा प्रश्न बाळंतिणीच्या सासूने किंवा आईने दारातून विचारला, तर त्यात उद्धटपणा काही नाही.

सोसण्यात पुण्य आहे, अशी समजूत जवळजवळ सर्वच धर्मांच्या लोकांत आढळते. ख्रिस्ती समाजात तर दुःखभोगाला मोठा अर्थ आहे. म्हणूनच १९५७ साली भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांना हा प्रश्न सरळ विचारला. त्यांनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते: स्वेच्छेने दुःख स्वीकारणे ही एक गोष्ट, पण वेदना टाळण्याचे साधन असता ती भोगलीच पाहिजे, असे बंधन कोणावर नाही. एवढ्या अधिकारी पुरुषाने जे बंधन घातले नाही, ते घाईत असलेल्या कंपाउंडराने घालू नये.

मुलाला टाक्यांसाठी नेताना ‘काही दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. पहिली सुई लागताच ते खोटे उघडे पडते आणि पुढच्या कशावरच पोर विश्वास ठेवीत नाही. ‘आधी मुंगी चावल्यासारखे होईल, थोडे चुरचुरेल, मग फक्त ओढल्यासारखे वाटेल’ असे सांगावे. आईने किंवा बापाने जवळ बसून दुसरा हात धरावा. परक्या चौघांनी दाबून धरण्यापेक्षा हे बरे. कुत्र्याच्या चाव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच लस घेण्यास जावे. डॉक्टर सहसा ती लागलीच शिवत नाहीत. साध्या जखमेलाही धनुर्वाताचे इंजेक्शन पूर्वी केव्हा घेतले होते, ते सांगावे. आणि टाके काढण्याची तारीख विचारून घ्यावी: चेहऱ्याचे सुमारे पाच दिवसांनी, डोक्याचे सात ते दहा, हातापायांचे दहा ते चौदा. टाके काढताना भुलीची गरज नसते. त्या वेळी दोरा कापून नुसता ओढून घ्यावयाचा असतो, आणि जे पोर पहिल्या दिवशी भुलीखाली शांत राहिले, ते या दिवशी आपण होऊन हात पुढे करते.